इनायत मास्तरांचा पहिला निबंध

बावीस वर्षं मी मास्तरांचा मास्तर होतो. उस्मानाबादच्या एका ट्रेनिंग शाळेत जिल्ह्यातले प्राथमिक शिक्षक वर्षभरासाठी येत आणि मी त्यांना मराठी शिकवी. संपादकांनी फर्माईश केली आहे की त्या काळातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलो की एकाच माणसाचं नाव पुढं येतं आणि ती हकीकत गमतीची नाही. दिवाळीच्या अंकात ती छापायची की नाही हे संपादकांनी ठरवावं.

आधी काम काय होतं ते सांगतो.

मराठीच्या दुसऱ्या पेपराला आमचे सगळे विद्यार्थी टरकून असत, कारण त्यात पाठांतर चालत नसे. तीन उतारे द्यायचे, एक शब्द द्यायचा आणि सांगायचं की या उताऱ्यांच्या आधारे या शब्दाचा अर्थ तुमच्या भाषेत निश्चित करा. शब्द साधेच असत. कर्तव्य, धीर, शिस्त, पाहुणा. साधा शब्दच अवघड असतो. रोज वापरतो त्या शब्दाचा अर्थ विचारला की माणूस तोंडाकडं बघत राहतो.

मी त्यांना रीत शिकवायचो. प्रत्येक उतारा त्या शब्दाबद्दल काय म्हणतो ते आधी एका वाक्यात काढा. मग तिघांचं कुठं जुळतं आणि कुठं बिनसतं ते बघा. मग त्या शब्दाला कुंपण घाला, म्हणजे काय आत येतं आणि काय येत नाही ते सांगा. आणि शेवटी, उतारे जिथं अपुरे पडतात तिथं तुमच्या अनुभवाचं लिहा. हे शेवटचं मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत असे. मला त्याचा अभिमान होता. पाठ केलेलं ओकायला लावणारे मास्तर मी लहानपणी भरपूर पाहिले होते, तसा मी नाही, असं मला वाटे.

विद्यार्थी म्हणजे तिशी-चाळिशीतले बाप्ये. कुणाला घरी चार लेकरं, कुणाचे सासरे आजारी. खाकी पिशवीत धोतर आणि भाकरी बांधून यायचे आणि बाकावर गुडघे मावत नाहीत म्हणून आडवे बसायचे. निम्म्या लोकांचा निबंध ‘मानवी जीवनात अमुक गोष्टीला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ या वाक्यानं सुरू होई. अमुकच्या जागी शब्द बदलायचा एवढंच. एकानं घाईत शब्द घालायचाच विसरून ‘मानवी जीवनात गोष्टीला महत्त्व आहे’ असं लिहिलं होतं. माकणीकडचे एक आडदांड गुरुजी होते. त्यांना ‘धीर’ हा शब्द आला. त्यांनी तिन्ही उतारे उघडूनसुद्धा न बघता लिहिलं, ‘उमरग्याच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना माणसाजवळ जे लागतं, त्याला धीर म्हणतात.’ पुढं पान कोरं. मी हसत हसत निम्मे गुण देऊन टाकले.

त्याच वर्षी इनायत मास्तर आले.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. निजामाच्या वेळी आमच्याकडं शिक्षण उर्दूत. मीसुद्धा कळंबला उर्दूतच शिकलो, घरी मराठी आणि शाळेत उर्दू. राज्य बदललं तसं सगळं मराठीत आलं, आणि जे जुने उर्दूचे मास्तर होते त्यांना सांगण्यात आलं की ट्रेनिंगमधला मराठीचा पेपर सुटला तर नोकरी पक्की, दोनदा बसूनही नाही सुटला तर घरी. इनायत मास्तर त्यातले. वय पंचेचाळीस. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. ढोकीच्या पुढं एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. त्या गावाचं नाव लिहीत नाही.

उंच, किडकिडीत माणूस. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. मराठी बोलायचे ते आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्यासारखं, त्यात काही अडचण नव्हती. अडचण लिहिण्याची. देवनागरी ते त्या वर्षातच नीट शिकत होते. अख्खी ओळ आधी रेघेशिवाय लिहायचे आणि मग उजवीकडून डावीकडं एकदम रेघ ओढायचे. हाताला ती सवय होती. वर्गातली तरुण पोरं त्याला हसायची. मास्तरही हसायचे. म्हणायचे, “हात निजामाचा आहे, सर. वळवायला येळ लागतो.”

ते कधी गैरहजर राहिले नाहीत. रीत शिकवली की वहीत तीनतीनदा उतरवून घ्यायचे. एकदा वर्ग सुटल्यावर थांबले आणि म्हणाले, “सर, ते कुंपणाचं पुन्हा सांगा. शब्दाला कुंपण घालायचं म्हंजे, आत काय ठेवायचं ते कोण ठरवतं?”

मी म्हणालो, “लिहिणारा ठरवतो, मास्तर. पण त्याला कारण द्यावं लागतं.”

“कारण असलं म्हंजे झालं न्हवं?”

“झालं.”

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी सरावाचा निबंध दिला. शब्द होता ‘शेजारी’. उतारे मीच जमवले होते. एक जुन्या वाचनमालेतला, शेजारधर्म म्हणजे काय हे सांगणारा. दुसरी एक गोष्ट होती. दुष्काळात एक म्हातारी आपली विहीर शेजाऱ्यांना खुली करते, अशी. तिसरा एका भाषणाचा तुकडा, गाव म्हणजे एकमेकांचे शेजारी, म्हणून गाव स्वच्छ ठेवा. तिन्ही गोड. निवडताना मला वेगळं काही सुचलं नाही.

सुट्टीत मी ते निबंध तपासायला बसलो. अडतीस निबंधांत अडतीस विहिरी खुल्या झाल्या होत्या. एकोणचाळिसावा इनायत मास्तरांचा होता.

तो निबंध आता माझ्याकडं नाही. का नाही ते पुढं सांगतो. आशय सांगतो, शब्द माझे आहेत.

त्यांनी रीत पाळली होती, वर्गात दुसऱ्या कुणी पाळली नव्हती इतकी. पहिला उतारा म्हणतो शेजारी म्हणजे मदत करणारा. दुसराही तेच म्हणतो. तिसरा म्हणतो जवळ राहणारा तो शेजारी. म्हणजे तिघांचं इथं बिनसतं. मदत न करणारा पण जवळ राहणारा असेल, तर तो शेजारी आहे की नाही? पहिल्या दोघांनी त्याला कुंपणाबाहेर ठेवलं आहे, तिसऱ्यानं त्याचा विचारच केलेला नाही. आणि मग, उतारे इथं अपुरे पडतात म्हणून मी माझा अनुभव लिहितो, असं म्हणून त्यांनी लिहिलं होतं.

पोलीस ॲक्शन झाली त्या सप्टेंबरमधली गोष्ट होती. त्याआधीची दोन वर्षं आमच्या भागात कशी गेली ते जुन्या माणसांना सांगायला नको. रझाकारांनी गावं जाळली. माझ्या चुलत्याचं घर जळलं, चुलते त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. मग हैदराबादेत निजामानं शस्त्र खाली ठेवलं आणि पारडं उलटं फिरलं. ज्यांनी काही केलं होतं ते बरेचसे पळून गेले. उरलेल्यांना भोगावं लागलं.

मास्तरांनी बायकोला आणि सात वर्षांच्या मुलीला आधीच तुळजापूरकडं तिच्या माहेरी धाडलं होतं. घरी ते आणि त्यांचा थोरला मुलगा लतीफ, वय सतरा. घराच्या दोन्ही अंगाला शेतकऱ्यांची घरं. तीन पिढ्यांचा शेजार. बाहेरगावची माणसं गावात शिरली, तेव्हा एका बाजूच्या शेजाऱ्यानं दोघांना मागच्या दारानं आत घेतलं. दोघांना एका जागी ठेवणं धोक्याचं, म्हणून बापाला धान्याच्या बळदात बसवलं आणि मुलाला मागच्या परड्यातल्या कडब्याच्या गंजीत. दुसऱ्या बाजूचा शेजारी आपल्या घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, उभा होता. त्यानं हे सगळं पाहिलं. माणसं त्याच्या दारात आली आणि त्यांनी विचारलं. तो बोलला काहीच नाही. त्यानं हात वर केला आणि गंजीकडं दाखवलं.

बळदाच्या भोकातून मास्तरांनी तो हात पाहिला होता.

यापुढं त्यांनी जे लिहिलं होतं ते वाचून मी हातातली लेखणी खाली ठेवली. त्यांनी लिहिलं होतं की, त्या शेजाऱ्याला दोन्ही जागा ठाऊक होत्या, त्यानं एकच दाखवली. त्याला शेजारी म्हणायचं नाही म्हणावं, तर मग मी जिवंत कसा? म्हणावं, तर लतीफ कुठं आहे? म्हणून शेजारी या शब्दाची व्याख्या अशी होते, की ज्याला आपल्या घराची माहिती असते तो शेजारी. त्या माहितीचं काय करायचं, हे तो वेळ आल्यावर ठरवतो.

आणि सगळ्यात शेवटी, जणू हे उत्तराला धरूनच आहे अशा सुरात, एक माहिती होती. लतीफ हैदराबादेला पळून गेला असं मी बायकोला सांगितलं आहे. ती पत्राची वाट बघते.

मी तो निबंध तीन वेळा वाचला. इतका चोख निबंध मला त्याआधी कुणी लिहून दिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. आता खरं सांगतो. दुसऱ्या वाचनाला माझ्या मनात आलं, की आमच्या चुलत्यांवर कोण निबंध लिहिणार? हे यायला नको होतं, पण आलं. तिसऱ्या वाचनाला मी लाल शाई उघडली. मास्तरांचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, बोलीतले शब्द खोडून वर प्रमाण शब्द लिहिले, आणि खाली शेरा दिला, ‘विषयांतर. उताऱ्यांचा आधार नाही.’

आधार होता. मीच खोटं लिहिलं होतं.

भीतीही होती, ती लपवत नाही. वर्षअखेर तपासणीसाठी निबंधांचा गठ्ठा शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यांपुढं जाई. त्यात हा निघाला असता, कुणी गावात चौकशी केली असती, तर मास्तरांना त्या गावात राहणं कठीण झालं असतं. आणि मलाही प्रश्न आला असता, असे विषय काढायला तुम्हाला कुणी सांगितलं? नवं राज्य, नवी नोकरी. मी स्वतःला समजावलं की हे मी त्यांच्या भल्यासाठी करतो आहे.

सुट्टीनंतर मी त्यांना मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. निबंध पुढं ठेवला. त्यांनी शेरा वाचला, हळूहळू, अक्षर अक्षर लावून.

“विषयांतर म्हंजे?”

“विषय सोडून गेलात, मास्तर.”

“विषय शेजारी होता, सर. मी शेजाऱ्यावरच लिहिलंय.”

मी म्हणालो, “परीक्षेत असं लिहायचं नसतं. उताऱ्यात आहे तेवढंच लिहायचं.”

“पर उताऱ्यात चुकीचं हाय.”

“चुकीचं नाही. अपुरं आहे.”

“मग अपुरं आसंल तिथं आपलं लिहा म्हणून तुमीच शिकवलं.” हे ते भांडायला म्हणाले नाहीत. शाळेतल्या मुलाला हिशेबात अडल्यावर जसं वाटतं तसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. “फळ्यावर दोन रेघा मारल्या होत्या तुमी.”

 मी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणालो, “मास्तर, हे आणखी कुणी वाचलं तर? तुम्हाला त्याच गावात राहायचं आहे. लेक आहे तुम्हाला.”

 ते म्हणाले, “तुमी वाचलं न्हवं? बस झालं. धा वर्षांत कुणाला तरी सांगितलं.”

“घरी सांगितलं नाही?”

“घरी काय सांगू? ती रोज पोस्टमनला इचारती.” त्यांनी निबंधाची पानं सारखी केली आणि माझ्याकडं सरकवली. “हे माझ्याजवळ ठिवता येत न्हाय. पोरगी आता मराठी वाचती. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. शाळेत नको, तुमच्या घरी ठिवा.”

मी हो म्हणालो. त्यांनी मग वही काढली आणि विचारलं, “आता ‘शेजारी’वर पास होण्यासारखं कसं लिहायचं, ते सांगा.”

मी सांगितलं. त्यांनी उतरवून घेतलं.

वार्षिक परीक्षेत शब्द आला ‘कर्तव्य’. इनायत मास्तरांचा पेपर माझ्याकडंच तपासायला आला. पहिलं वाक्य होतं, ‘मानवी जीवनात कर्तव्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ पुढं तिन्ही उताऱ्यांचा सारांश, ओळीनं. स्वतःचं एक अक्षर नाही. रेघ डावीकडून उजवीकडं ओढलेली, सरळ. पासापुरते गुण मिळाले, ते मीच दिले. निकालाच्या दिवशी ते माझ्यासाठी घरचे पेरू घेऊन आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “तुमच्यामुळं नोकरी वाचली, सर.” आणि ते खरंच होतं. माझ्या मनाला जरा बरं वाटायचं ते एवढ्यामुळंच.

त्यांचा पहिला निबंध माझ्या घरी ट्रंकेत होता. वर्षभर राहिला. पुढच्या साली आमच्या शाळेत कसली तरी चौकशी लागली. आमच्या विभागाशी तिचा काही संबंध नव्हता, पण कुणीतरी बातमी आणली की शिक्षकांच्या घरचे कागदही बघणार आहेत. नुसती अफवा होती. कुणी आलं नाही. पण मी त्याच सकाळी आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात ती पानं घातली. बायकोनं विचारलं काय जाळता, मी म्हणालो जुने पेपर. तिनं आणखी दोन लाकडं सरकवली.

यानंतर सात-आठ वर्षं गेली. इनायत मास्तर कधी बाजाराला आले की भेटायचे. तब्येत विचारायचे, मुलाबाळांचं विचारायचे. निबंधाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून काढलं नसावं. त्यांची बायको वारल्याचं त्यांनी मला असंच रस्त्यात सांगितलं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “न्हाय सांगितलं, सर. शेवटपतोर न्हाय.” आणि सायकल ढकलत पुढं गेले.

मग एका उन्हाळ्यात, दुपारी चारच्या सुमाराला, एक बाई माझ्या दारात आली. पंचविशीची असेल. काळा बुरखा, तोंडावरचं वर केलेलं, पायात एस.टी.च्या प्रवासाची धूळ. म्हणाली, “मी जमीला. इनायत मास्तरांची मुलगी. अब्बा गेले, सर. बावीस दिवस झाले.”

मी तिला आत बसवलं. बायकोनं पाणी दिलं. जमीला त्या गावातच, वडलांच्या घरात राहत होती. नवरा कळंबला अडतीवर मापाडी होता, आठवड्यातून दोनदा घरी यायचा. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. बोलायला नीट होती, घाई नव्हती तिला.

“अब्बा शेवटी लई बोलायला लागले होते,” ती म्हणाली. “लतीफचं नाव घ्यायचे. आमी समजलो, हैदराबादेचा भाऊ आठवतोय. पर गंजी गंजी म्हणायचे. मी म्हणलं, अब्बा, कसली गंजी? तर म्हणाले, म्या एकदा सगळं लिहून दिलंय. ट्रेनिंगच्या सरांकडं ठिवलंय. तू जाऊन वाच.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “म्हणून आले. ते कागद पायजे होते.”

मी त्या वेळी काय करू शकलो असतो? असा काही कागदच नव्हता, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, असं म्हणून तिला चहा पाजून परत पाठवू शकलो असतो. एक क्षण ते शब्द अगदी ओठांवर आले. बायको दारात उभी होती.

मी म्हणालो, “कागद होते. मी जाळले.”

तिनं विचारलं, “का?”

“घाबरलो.”

  बायको आत निघून गेली. मग जमीला म्हणाली, “पर तुमी वाचलं हुतं न्हवं? मग सांगा. न्हायतर असं करा, लिहून द्या. मी घरी जाऊन वाचते. इथं ऐकवत न्हाय मला.”

मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ती रात्री उस्मानाबादेतच मावशीकडं राहिली. मी टेबलाशी बसलो आणि मास्तरांचा निबंध आठवून लिहायला लागलो. इतकी वर्षं मी लोकांना लिहायला शिकवत होतो, पण माझा हात असा कधी अडला नव्हता. घटना सगळ्या आठवत होत्या. सप्टेंबर, बळद, गंजी, धाब्यावरचा माणूस, वर झालेला हात. व्याख्यासुद्धा आठवत होती. ते सगळं मी तीन पानांत लिहून काढलं, तिला वाचताना कमीत कमी त्रास होईल असं.

सकाळी ती आली. घरी नेऊन वाचणार होती, पण पानं हातात घेतल्यावर तिथंच उभ्यानं वाचायला लागली. मी समोर उभा. तिसऱ्या पानावर तिचे ओठ हलले. वाचून झाल्यावर तिनं पानं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली, जणू काही शोधत होती.

“हे अब्बांचं न्हाय,” ती म्हणाली. “हे खरं आसंल. पर बोलणं तुमचं हाय. अब्बा असं बोलत नव्हते.”

“त्यांचे शब्द मला राहिले नाहीत.”

“एक पर न्हाय?”

आणि मला एक शब्द आठवला. खरंच आठवला, लाल शाईसकट. मास्तरांनी एका शेजाऱ्याबद्दल ‘उगवतीकडला’ असं लिहिलं होतं, आणि मी ते खोडून वर ‘पूर्वेकडील’ असं लिहिलं होतं. त्या पानावरची ती जागा, शाई जरा पसरलेली, हे सगळं डोळ्यांपुढं आलं. मी ते तिला सांगितलं.

तिचा चेहरा एकदम बदलला. पहिल्यांदाच तिच्या आवाजात घाई आली. “उगवतीकडला कोण, सर? लपवणारा का दाखवणारा?”

मी डोळे मिटले. शब्द दिसत होता. त्याच्यावर मारलेली रेघ दिसत होती. ते वाक्य मात्र दिसत नव्हतं. मी तो निबंध तीनदा वाचला होता, पण त्या ओळीवर मी फक्त बोली दुरुस्त करत होतो. वाक्य काय सांगतं आहे, तिकडं त्या घटकेला माझं लक्षच नव्हतं.

“आठवत नाही,” मी म्हणालो. “बेटी, शपथेवर सांगतो, आठवत नाही.”

“बघा की जरा. आठवून बघा.”

मी पुन्हा प्रयत्न केला. अंदाजानं दोन्हीतलं एक काहीतरी सांगून टाकावं असा मोहही झाला, तिच्या चेहऱ्याकडं बघून. पण एवढं एक पाप माझ्या हातून झालं नाही.

“गावात कुणाला विचारता येणार नाही का?” मी म्हणालो.

“कुणाला इचारू? ज्यांनी बघितलं ते बोलत न्हायत. आन ती दोन्ही म्हातारी माणसं मेली, सर. आता त्यांची लेकरं, सुना हायत. उगवतीकडल्या घरातली सून माझ्या बाळंतपणाला आली हुती. मावळतीकडल्यांनी अब्बांच्या मयतीला खांदा दिला. दोघांनाबी मी काका म्हणत वाढले.” तिनं पानांची घडी केली, आणखी एक घडी केली आणि ती बुरख्याच्या आत ठेवली. माझे शब्द असले तरी तिनं ती टाकून दिली नाहीत, हे मी पाहिलं.

मी तिच्याबरोबर एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेलो. ढोकीची गाडी लागली होती. माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होती. मी एका बाईला विनंती करून जमीलासाठी जागा करून घेतली. मला तिची माफी मागायची होती, पण एवढ्या गर्दीत तोंड उघडेना. मी नुसतं विचारलं, “आता काय करणार?”

ती खिडकीशी बसली होती. बुरखा खाली घ्यायच्या आधी तिनं जरा विचार केला.

“ईदीला आमी दोन्ही घरी शीरखुर्मा देतो,” ती म्हणाली. “अब्बा सोताच्या हातानं न्यायचे, दोन्हीकडं. मी लहान हुते तवापासनं बघते.” गाडी सुरू झाली, तसा तिनं आवाज चढवला. “आता मी नेईन. दोन्हीकडं नेईन, सर. दुसरं काय करू?”